शंभर पावसाळे आणि एक पहाट : मातीच्या घरांचा अनुभव आणि त्यांची सुरक्षितता

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला मातीच्या भिंतींवर बोलायला का बोलावलं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. इंजिनिअर बोलवायला हवा होता. पण माझं म्हणणं असं की या विषयात आपलं अडतं ते गणितापाशी नाही. गणित सोपं आहे, थोडंसं आज करणारही आहोत. अडतं ते एका वाक्यापाशी, आणि ते वाक्य कळवण तालुक्यातल्या कुठल्याही गावात ऐकायला मिळेल. "आमच्या आज्यानं बांधलेलं घर आहे. शंभर पावसाळे काढलेत त्यानं. त्याला काय होतंय?"

याच्या समोर दुसरं वाक्य उभं असतं, सरकारी कागदावरचं. "घराचा प्रकार : कच्चे." त्या एका शब्दात घराचा निकाल लागतो.

ही दोन्ही वाक्यं ज्ञानाचे दावे आहेत. पहिलं अनुभवाच्या जोरावर बोलतं, दुसरं शास्त्राच्या. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी अशा ठिकाणी एकच गोष्ट विचारली असती: प्रमाण काय? तुम्हाला हे कशावरून कळलं? आज आपण दोघांनाही तेच विचारू या. कारण या प्रश्नाच्या उत्तरावर कोण कुठे झोपतो हे ठरतं, आणि पडलेल्या भिंतीखाली सापडतो तो झोपलेला माणूसच.

आधी "मातीचं घर" या शब्दाची फोड करू. अभोण्याहून पश्चिमेला, कनाशी-दळवटकडे निघालात की पाऊस वाढत जातो, डोंगर जवळ येतात. तिकडचं जुनं घर म्हणजे सागाचे खांब, वर आडं आणि वासे, नळीची कौलं, आणि भिंती कुडाच्या. कारवीच्या नाहीतर बांबूच्या काठ्या विणायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणामातीचा लेप द्यायचा. भिंत चार बोटांची. ती छप्पर उचलतच नाही. छप्पर खांबांवर असतं, भिंत फक्त आडोसा. आता उलट्या दिशेला चला, देवळा-मालेगावकडे. पाऊस कमी होतो, ऊन वाढतं, सपाटी लागते. तिथं खानदेशी धाब्याचं घर. जाड भिंती, मातीच्या किंवा दगडमातीच्या, आणि वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर फूटभर माती दाबून बसवलेली. मराठवाड्यात यालाच माळवद म्हणतात.

दोन्ही घरं मातीचीच. दोन्ही कागदावर कच्ची. पण यंत्रशास्त्राच्या दृष्टीनं ही दोन वेगवेगळ्या जातींची जनावरं आहेत. एक हलकं आणि लवचीक, दुसरं जड आणि ठिसूळ. तेव्हा "मातीचं घर सुरक्षित आहे का?" हा प्रश्न "औषध चांगलं असतं का?" या प्रश्नासारखा आहे. कुठलं? कशावर? किती?

आता ते थोडं गणित. नीट मळलेल्या, वाळलेल्या मातीची भिंत दर चौरस सेंटिमीटरला साधारण दहा किलोचा दाब सहज सोसते. दहा फूट उंच भिंतीच्या तळावर तिच्या स्वतःच्या वजनाचा दाब किती? दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम अर्धा किलो. वरून छप्पर धरलं तरी एक-दीड किलोच्या पुढे सहसा जात नाही. म्हणजे वरून खाली येणारं वजन हा मातीच्या भिंतीचा प्रश्नच नाही. आजोबांच्या घरानं शंभर वर्षं काढली यात चमत्कार नाही.

मग भिंत पडते का? पाण्यानं पडते. भिजलेल्या मातीची ताकद झपाट्यानं उतरते. दहाची दोन होते, एकही होते. आपल्याकडे म्हण आहे की वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही. खरं आहे. पण जोत्याचं पाणी मात्र भिंतीत वर चढतं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. म्हणून मातीची भिंत पहिल्या सरीत पडत नाही, झड लागल्यावर पडते. आठ-दहा दिवस संततधार, दारापुढे पाणी तुंबलेलं, भिंतीचा तळ ओला, आणि मग एका रात्री वरची कोरडी भिंत खालच्या चिखलावर बसते. दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला येतात, "अंशतः पडझड" किंवा "पूर्णतः पडझड" लिहितात. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात या बातम्या असतात, त्यात कुणी दगावल्याच्याही असतात.

आणि नेमकं इथं परंपरेचं ज्ञान अव्वल दर्जाचं आहे, हे मी हातचं काही न राखता सांगतो. दगडी जोतं दीड-दोन हात उंच. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून बाहेर काढलेलं छप्पर. पावसाच्या तोंडाच्या बाजूला पडवी, म्हणजे मार पडवी खाते आणि घर वाचतं. भिंतीच्या मातीत भुसा किंवा भाताचं तूस, कारण निव्वळ माती वाळताना तडकते. काळी माती भिंतीला घ्यायची नाही, ती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते. गिरणेच्या काठी ज्यांची घरं काळ्या जमिनीवर आहेत त्यांना पायातल्या भेगा काय असतात ते वेगळं सांगायला नको. धाब्यावर घालायची ती पांढरी माती, जुन्या गावठाणाची. आपण गावाला "पांढरी" म्हणतो आणि शेताला "काळी", ते उगीच नाही. ही पांढरी माती चोपली की पाणी धरून ठेवत नाही, उताराला लावते. हे सगळं कुणी प्रयोगशाळेत शोधलेलं नाही. पावसानं शिकवलं. पाऊस दरवर्षी परीक्षा घेतो, नापास झालेली भिंत डोळ्यांदेखत पडते, आणि शेजारी ते बघून आपली भिंत सुधारतो. शंभर वर्षांत शंभर परीक्षा. असा अनुभव खरोखरच प्रमाण मानावा.

आता किल्लारीकडे जाऊ.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन उरकून दमलेली गावं झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेवर जमीन हलली. भूकंपाची तीव्रता रिश्टर मापावर सहाच्या थोडी वर. जगाच्या हिशेबात हा मध्यम भूकंप. एवढ्या धक्क्यानं काही देशांत कपाटावरच्या वस्तू पडतात आणि लोक दुसऱ्या दिवशी कामावर जातात. इथं आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. काही अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावंच्या गावं सपाट झाली.

ती घरं कशी होती? भिंती दगडाच्या, मातीत रचलेल्या, दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत जाड. बघणाऱ्याला वाटावं, किल्लाच. पण ती भिंत एक नव्हती, दोन होत्या. आतल्या अंगाला दगडांची एक रांग, बाहेरच्या अंगाला दुसरी, आणि मध्ये चुरा आणि चिखल. या दोघींना एकत्र बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. जमीन आडवी हलली तेव्हा दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटल्या. एक बाहेर पडली, एक आत.

आणि वर माळवद. इथं पुन्हा हिशेब करा. दहा फूट बाय दहा फुटांच्या खणावर एक फूट माती म्हणजे शंभर घनफूट. घनफुटाला पंचेचाळीस-पन्नास किलो धरले तर साडेचार ते पाच टन. तेवढ्याच जागेवर नळीची कौलं असती तर वजन एक टनाच्या आसपास भरलं असतं. सिमेंटचा स्लॅबसुद्धा तीन टनांच्या आतबाहेर. म्हणजे माळवद स्लॅबपेक्षा जड. आणि ते दरवर्षी वाढतं. कसं? पावसाळ्याच्या आधी छत गळू नये म्हणून घरधनी पांढऱ्या मातीचा नवा थर घालतो. काही वाहून जातं, काही राहतं. दोन पिढ्यांत फुटाचे दोन फूट होतात, क्वचित त्याहून अधिक. भूकंपाचा नियम एवढाच आहे की जितकं वजन, तितका आडवा हिसका. पाच टनांऐवजी दहा टन डोक्यावर असतील तर हिसकाही दुप्पट.

मला या विषयातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट ही वाटते. माळवदावर माती चढवणारा माणूस आळशी नव्हता, अडाणी नव्हता. तो घराची काळजी घेत होता. परंपरेनं सांगितलेलं काम तो वेळच्या वेळी, चोख करत होता. पावसाच्या परीक्षेत दरवर्षी पास होत होता. आणि त्याच कष्टानं, घमेल्याघमेल्यानं, एका वेगळ्या परीक्षेची तयारी उलट दिशेनं चालली होती. ती परीक्षा त्याच्या बापानं पाहिली नव्हती, आजानं पाहिली नव्हती. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरात, किल्लारीला लहान धक्के बसले होते, भिंतींना तडेही गेले होते. पण मोठा धक्का म्हणजे काय, याची आठवण त्या मातीतल्या कुणालाच नव्हती.

आता थोडा माझा प्रांत. न्यायदर्शनात अनुमानाची चर्चा आहे. धूर दिसला की आग आहे असं आपण ठरवतो, ते कशाच्या आधारावर? पुन्हापुन्हा बरोबर पाहिलं म्हणून. याला "भूयोदर्शन" असा शब्द आहे. आता उलट बाजूनं पाहा: जिथे आग तिथे धूर, असं म्हणता येईल का? चुलीत दिसतं, शेकोटीत दिसतं, हजारदा दिसतं. पण लोहाराच्या भट्टीतला लाल गोळा बघा. आग आहे, धूर नाही. का? कारण धूर नुसत्या आगीनं होत नाही, ओल्या सरपणानं होतो. ओलं सरपण ही न सांगितलेली अट. नैयायिक तिला "उपाधी" म्हणतात. उपाधी लपलेली असते तोवर अनुमान खरं वाटतं, आणि ती नसलेली जागा समोर आली की ते फसतं.

"शंभर पावसाळे काढले, म्हणून घर मजबूत" या अनुमानात उपाधी कोणती? जमीन स्थिर असणं. पाया हलला नाही तोवर घर मजबूत होतं. घराची साक्ष खोटी नाही. ती पावसाबद्दलची, उन्हाबद्दलची, वरून येणाऱ्या वजनाबद्दलची साक्ष आहे. भूकंपाबद्दल त्या घरानं साक्ष दिलेलीच नाही, कारण त्याला कुणी कधी विचारलंच नाही. शंभर वर्षांचा अनुभव आपण म्हणतो, पण भूकंपाच्या बाबतीत त्याचं वय शून्य असतं.

इथं शास्त्राच्या बाजूच्या मंडळींनी फार खूश होऊ नये. दख्खनचं पठार म्हणजे अचल, इथं मोठा भूकंप व्हायचा नाही, असं तज्ज्ञसुद्धा मानत होते. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेनं त्याला पहिला तडा दिला. तरीही १९९३ मध्ये देशाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात किल्लारी पहिल्या क्षेत्रात होती, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या. नकाशा करणाऱ्यांचं भूयोदर्शनही शे-दोनशे वर्षांच्या नोंदींचं. जमिनीच्या पोटातल्या घडामोडींची मोजदाद हजारो वर्षांत होते. २००२ मध्ये नकाशा सुधारला, पहिलं क्षेत्रच काढून टाकलं, किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात गेली. आपला नाशिक जिल्हाही त्या नकाशात तिसऱ्याच क्षेत्रात आहे, हे लक्षात असू द्या. दळवट परिसरात सौम्य हादरे बसल्याच्या आणि नाशिकच्या मेरी संस्थेच्या यंत्रावर त्यांची नोंद झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. घाटाखाली डहाणू-तलासरीत २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा लोकांना तंबूत झोपावं लागलं. घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण "आपल्याकडे होत नाही" हे वाक्य मात्र आता वापरू नका.

मग परंपरेला भूकंप कळतच नाही का? कळतो, जिथे तो पुरेशा वेळा येतो तिथे. कच्छमध्ये १८१९ ला प्रचंड भूकंप झाला होता. तिथल्या भुंगा नावाच्या गोल मातीच्या घरांना कोपरेच नाहीत, आणि भिंत फुटते ती बहुधा कोपऱ्यात. वर गवताचं हलकं शंकूसारखं छप्पर. २६ जानेवारी २००१ ला भूजकडे सिमेंटच्या इमारती कोसळल्या, तेव्हा अनेक भुंगे उभे राहिले. काश्मीरमध्ये धज्जी नावाची पद्धत आहे: लाकडाच्या चौकटी, त्यात तिरप्या पट्ट्या, मधल्या लहान लहान कप्प्यांत दगडमाती. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात या भिंतींना भेगा गेल्या, लेप गळला, पण बऱ्याच घरांनी माणसं सांभाळली. तिथं चार-दोन पिढ्यांत एकदा तरी जमीन हलते. आजी नातवाला सांगू शकते. किल्लारीच्या आजीपाशी सांगण्यासारखं काही नव्हतं.

आणि आमच्या पश्चिमेकडचं कुडाचं घर? ते भूकंपासाठी बांधलेलं नाही, पावसासाठी आणि हाताशी असलेल्या लाकडासाठी बांधलेलं आहे. पण हलकं आहे, लवचीक आहे, खांबांवर आहे, म्हणून भूकंपात त्याच्याकडून मोठी इजा होण्याची शक्यता कमी. याला मी शहाणपण म्हणणार नाही, नशीब म्हणेन. मात्र ते नशीब हातचं घालवू नये.

ते कसं जातं, ते सांगतो. कारण माझ्या मते आजचा खरा धोका तिथं आहे. किल्लारीत उजाडल्यावर कित्येक घरांत एक विचित्र दृश्य होतं. दगडी भिंती ढासळलेल्या, आणि आतला लाकडी सांगाडा माळवद डोक्यावर घेऊन तसाच उभा. खणाखणाचे खांब, त्यावर तुळया. जुन्या सुतारानं वजन भिंतीवर टाकलंच नव्हतं. माणसं मेली ती बऱ्याच अंशी आत पडलेल्या दगडांनी. पण हा सांगाडा सगळ्या घरांत होता कुठे? लाकूड महाग झालं, जंगलातून आणणं बंद झालं, आणि मग लोकांनी खांब वगळले. तुळई थेट भिंतीवर टेकवली. बाहेरून घर तेच, आज्याच्या घरासारखं. आत हाडंच नाहीत. आपल्याकडेही हेच चाललंय. कुडाच्या जागी कच्च्या विटांची भिंत येते, खांब जातात, कौलांच्या जागी पत्रा येतो, पत्रा वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवतात. आणि या घराला आपण "पारंपरिक" म्हणतो. परंपरेनं हे घर कधी तपासलेलंच नाही.

दुसरी हानी मनुष्यबळाची. मातीचं घर म्हणजे एकदा बांधून सोडून द्यायची वस्तू नव्हे. दर पंधरवड्याला सारवण, सणाआधी पोतेरं, पावसाच्या आधी लिंपण, कौलं चाळणं. हे काम कोण करत होतं? बायका करत होत्या. फुकट. भिंतीवरून हात फिरवताना ओल कुठं आहे, पोकळ कुठं वाजतं, वाळवीची माती कुठं आली, हे त्यांना कळायचं. म्हणजे घराची दर पंधरा दिवसांनी तपासणी व्हायची, आणि तपासनीस घरातलीच बाई. आता मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, कुणी सारवायला तयार नाही. त्यांचं बरोबर आहे. हे काम पुन्हा त्यांच्या गळ्यात घाला असं मी मुळीच म्हणणार नाही. पण तपासणी बंद पडली, आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही, एवढं तरी कबूल करू या. ज्या घरात दहा वर्षं लिंपण झालेलं नाही त्याला आज्याच्या शंभर पावसाळ्यांचा दाखला लावता येत नाही.

किल्लारीनंतर काय झालं ते थोडक्यात. जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला, बावन्न गावं नव्या जागी वसवली. जमीनधारणेप्रमाणे अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरं मिळाली. जी गावं हलवली नाहीत तिथं जुनी घरं दुरुस्त आणि मजबूत करण्याचीही योजना होती: माळवदाची माती कमी करा, भिंतीत आरपार बांधणी घाला, कोपरे आवळा, वर पट्टा घाला. हे स्वस्त होतं, शास्त्रशुद्ध होतं, आणि लोकांना नको होतं. ज्या दगडानं घरातली माणसं नेली त्या दगडाखाली पुन्हा झोपायचं? लोकांनी मिळालेल्या पैशांत एखादी सिमेंटची खोली उभी करणं पसंत केलं. या भीतीला हसू नये. पण त्या भीतीनं पुन्हा तीच चूक केली: आधी "दगड म्हणजे मजबूत" म्हणत होतो, आता "सिमेंट म्हणजे मजबूत" म्हणू लागलो. मजबुती पदार्थात नसते, बांधणीत असते.

योगायोग असा की मातीच्या घरांच्या भूकंपसुरक्षेबद्दलचं भारतीय मानक, क्रमांक १३८२७, त्याच १९९३ सालचं आहे. त्यातली दोन-तीन मापं पाठ करण्यासारखी. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून जास्त नको. दोन आडव्या भिंतींमधलं अंतर जाडीच्या दहापटीहून जास्त नको. दार-खिडकीची रुंदी चार फुटांच्या आत. सव्वा फूट जाडीची भिंत घ्या: उंची जास्तीत जास्त दहा फूट. आता जुनी घरं आठवा. खोल्या लहान, खिडक्या नावापुरत्या. सुतारानं खोली लाकडाच्या लांबीवर बेतली होती, पण माप जवळपास तेच निघतं. आणि आपण काय करतो? मुलाच्या लग्नात हॉल हवा म्हणून मधली भिंत काढतो, उजेडासाठी कोपऱ्याला लागून मोठी खिडकी फोडतो. मधली भिंत निव्वळ आडोसा नव्हती, ती दोन लांब भिंतींना धरून ठेवत होती.

आणि पट्टा. दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर चारही भिंतींना सलग बांधून घेणारा पट्टा, लाकडाचा, बांबूचा किंवा सळईच्या काँक्रीटचा. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात ना, तसा. आरे कितीही चांगले असोत, धाव नसेल तर चाक खिळखिळं होतं. मातीच्या भिंतीला दाब सोसतो, ताण सोसत नाही. ताण सोसणारं काहीतरी तिला बाहेरून द्यावं लागतं.

आता काही प्रश्न आलेत, ते घेतो.

एका ताईंनी विचारलंय, सारवायचा त्रास नको म्हणून मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं तर चालेल का? शक्यतो नको. सिमेंटचा थर पाणी आत कोंडतो. जोत्यातून चढलेली ओल बाहेर वाळू शकत नाही, प्लास्टर वरून गुळगुळीत दिसतं आणि आत भिंतीचा चिखल झालेला असतो. शिवाय ते मातीला धरतही नाही, पापुद्र्यासारखं सुटतं. त्यापेक्षा चुना मिसळलेला मातीचा लेप द्या. आणि पैसे खर्चायचेच असतील तर आधी भिंतीच्या बुडाशी चर काढून पाणी लांब न्या, पागोळ्याला पन्हळ लावा.

दुसरा प्रश्न: घरकुल मंजूर झालंय, जुनं घर पाडावं का? अनुदान ठरावीक आणि जागा पंचवीस चौरस मीटर, त्यात सगळं कुटुंब मावत नाही हे मला माहीत आहे. म्हणून नवं घर मुलाला आणि जुन्यात म्हातारी माणसं, अशी वाटणी सगळीकडे दिसते. त्यांनाही तेच हवं असतं, उन्हाळ्यात स्लॅबखाली झोप लागत नाही. जुन्या घराचे खांब शाबूत असतील, जोतं कोरडं असेल, तर ठेवा. पण मग त्याची डागडुजी नव्या घराइतकीच महत्त्वाची माना. आणि नव्या घरकुलाच्या भिंती चार इंची असतील, कोपऱ्यात सळई नसेल, वर पट्टा नसेल, तर नुसतं "पक्कं" लिहिलंय म्हणून निश्चिंत राहू नका.

शेवटचा प्रश्न मागून आलाय. "आमच्या धाब्याच्या घराच्या मागच्या भिंतीला पोट आलंय. कोपऱ्यात वरून खाली चीर आहे, तिच्यात बोट जातं. पावसाळ्यानंतर काम काढलं तर चालेल?"

नाही. बोट जाणारी उभी चीर म्हणजे कोपरा सुटला, दोन भिंतींनी एकमेकींचा हात सोडला. आज रात्री त्या भिंतीच्या कडेची खाट हलवा, आत कुणी झोपू नका. मागच्या बाजूला गुरं बांधत असाल तर तीही सोडून दुसरीकडे बांधा. उद्या तुळईखाली जाड लाकडाचे टेकू उभे करा, म्हणजे भिंत गेली तरी छत अंगावर येणार नाही. मग वरची माती उतरवायला घ्या, सगळी नाही, पण चार-पाच बोटं ठेवून बाकीची, थोडी थोडी, दोन्ही बाजूंनी सारखी. एकाच बाजूनं उतरवू नका, तोल जाईल. गळती होईल, तर पावसाळाभर वर प्लास्टिकचा कागद टाका. भिंत मात्र दिवाळीनंतर, वाळल्यावर, जाणत्या गवंड्याला दाखवून उतरवा आणि नव्यानं रचा, पट्ट्यासकट.